एका दाराची अनेक नावे: स्पॅनिश अकादमीच्या ऑनलाइन कोशाचे परीक्षण

कोणताही शब्दकोश हाती आला की मी त्यात सर्वांत आधी संडासासाठीचे शब्द पाहते. ज्या गोष्टीचे नाव घेताना माणसे संकोचतात, तिची नावे प्रत्येक भाषेत लवकर लवकर बदलतात, गावागणिक निराळी होतात, आणि एकाच घरात आजीच्या तोंडी एक तर नातवाच्या तोंडी दुसरेच असते. माझी आजी शेवटपर्यंत ‘परसाकडे जाऊन येते’ असे म्हणायची. तिच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत राहत्या घराला परस उरले नव्हते, तरी शब्द उरला होता. आई ‘संडास’ म्हणते, शाळेच्या भिंतीवर ‘स्वच्छतागृह’ लिहिलेले असते, नाट्यगृहात ‘प्रसाधनगृह’ असते आणि माझी मुलगी ‘वॉशरूम’ म्हणते. कोशकाराने बोलणारी माणसे किती ऐकली आहेत, आणि ऐकलेले किती प्रामाणिकपणे नोंदवले आहे, हे अशाच शब्दांत कळते. म्हणून स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन कोश मी याच एका दारापाशी उभी राहून तपासला आहे.

मी पुण्यात राहून स्पॅनिश भाषांतराचे काम करते. दोन वर्षांपूर्वी गुजरातेतल्या एका सॅनिटरीवेअर कारखान्याचा कॅटलॉग माझ्याकडे आला. माल स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना आणि व्हेनेझुएला या चार देशांत जाणार होता, आणि कारखान्याने वेळ वाचवण्यासाठी आधीच एका भाषांतराच्या अॅपमधून सगळा मजकूर स्पॅनिशमध्ये करून ठेवला होता. माझे काम फक्त ‘एकदा नजर घालण्याचे’ होते. पहिल्याच पानावर ‘वॉटर क्लोसेट’साठी ‘आर्मारियो दे आग्वा’ असे छापलेले होते, म्हणजे शब्दशः पाण्याचे कपाट. बेसिनखालच्या कप्प्यांच्या फर्निचरला इंग्रजीत ‘व्हॅनिटी’ म्हणतात, त्याच्या चित्राखाली ‘बानिदाद’ होते, म्हणजे माणसाच्या अंगी असतो तो पोकळ गर्व. मी कारखान्याला कळवले की नजर घालून हे सुधारणार नाही, सगळे मुळापासून करावे लागेल. पुढचे तीन आठवडे अकादमीचा कोश माझ्यासमोर सकाळपासून रात्रीपर्यंत उघडा होता, आणि त्या तीन आठवड्यांच्या जोरावरच हे लिहीत आहे.

ज्यांनी तो वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. रेआल आकादेमिया एस्पान्योला ही संस्था 1713 मध्ये माद्रिदमध्ये स्थापन झाली. तिचा पहिला कोश 1726 ते 1739 या काळात सहा खंडांत निघाला, 1780 मध्ये तो एका खंडात आला, आणि तेव्हापासून आवृत्त्यांची परंपरा चालू आहे. तेविसावी आवृत्ती ऑक्टोबर 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 93,111 नोंदी आहेत, आणि ती स्पेनबाहेरच्या, अमेरिका खंडातल्या आणि फिलिपिन्समधल्या अकादम्यांच्या सहकार्याने तयार झालेली आहे. हाच कोश संकेतस्थळावर विनामूल्य वापरता येतो आणि त्यात वेळोवेळी सुधारणा होत असते. स्वरांवरच्या खुणा न टाकताही शब्द सापडतो, व्याख्येतल्या शब्दावर टिचकी मारली की त्या शब्दाची नोंद उघडते, क्रियापदाची सगळी रूपे एका बटणावर मिळतात, आणि 2023 च्या अखेरीपासून अनेक नोंदींना समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांची जोडही मिळाली आहे. अकादमीचे ब्रीदवाक्य ‘लिंपिया, फिहा इ दा एस्प्लेंदोर’ असे आहे, म्हणजे स्वच्छ करते, स्थिर करते आणि तेज देते. त्यातले पहिलेच क्रियापद स्वच्छ करण्याचे असूनही या कोशाने अडचणीचे वाटणारे शब्द झाडून टाकलेले नाहीत, हे मला त्याचे फार मोठे मोल वाटते.

सर्वांत साधा शब्द ‘बान्यो’. हा लॅटिन ‘बाल्नेउम’पासून आला आणि मूळचा अर्थ अंघोळ. अंघोळीपासून अंघोळीची खोली आणि त्या खोलीपासून तिथे असलेल्या संडासापर्यंत अर्थ सरकत गेला, अगदी आपण ‘बाथरूमला जाऊन येतो’ म्हणतो तसाच. लॅटिन अमेरिकेत जिथे जाल तिथे ‘बान्यो’ चालतो, स्पेनमध्येही तो कुणाला खटकत नाही, आणि नवशिक्याने एकच शब्द पाठ करायचा असेल तर हाच करावा असे मी विद्यार्थ्यांना सांगते. कोशात याच रूपाचा एक वेगळा अर्थही सापडतो: उत्तर आफ्रिकेत ख्रिस्ती कैद्यांना ज्या आवारात डांबून ठेवत त्यालाही ‘बान्यो’ म्हणत. ‘दोन किहोते’ लिहिणारा सेर्वान्तेस 1575 पासून 1580 पर्यंत अल्जिअर्समध्ये असाच कैदेत होता. जुना मजकूर वाचताना एखादा माणूस पाच वर्षे ‘बान्यो’त होता असे आले, तर कोश जवळ असलेला वाचक गोंधळत नाही.

पण माझ्या मते या कोशाची खरी श्रीमंती ‘लाबाबो’ या नोंदीत दिसते. स्पेनमध्ये हा शब्द हात धुण्याच्या बेसिनला वापरतात, आणि त्यावरून संडासाच्या खोलीलाही. बार्सेलोनाच्या बाजूला तो विशेष ऐकू येतो, कारण कातालान भाषेतही तोच शब्द आहे. कोश सांगतो की ‘लाबाबो’ हे मुळात नाम नाहीच, ते लॅटिन क्रियापदाचे भविष्यकाळी रूप आहे: ‘मी धुईन’. जुन्या लॅटिन मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू हात धुताना स्तोत्रसंहितेतली एक ओळ म्हणत, ‘निर्दोषांच्या संगतीत मी माझे हात धुईन’, आणि त्या ओळीचा पहिला शब्द ‘लाबाबो’ होता. विधीचे नाव त्या शब्दावरून पडले, विधीत वापरायच्या पात्राला ते लागले, पात्रावरून घरातल्या बेसिनला आणि बेसिनवरून सबंध खोलीला. वसईतल्या किंवा गोव्यातल्या ज्या ज्येष्ठांनी 1960 च्या दशकाच्या आधी वेदीसेवक म्हणून धर्मगुरूंच्या हातावर पाणी घातले असेल, त्यांच्या कानावर ही ओळ गेलेली असण्याचा चांगला संभव आहे. वेदीजवळचा एक शब्द हॉटेलातल्या मागच्या दारापर्यंत कसा चालत गेला, हे एवढ्याशा जागेत सांगणारा कोश मला मनापासून आवडतो.

‘रेत्रेते’चीही वाट अशीच आहे, फक्त ती देवळाऐवजी राजवाड्यातून निघते. शब्द प्रोव्हाँसाल या दक्षिण फ्रान्समधल्या भाषेतून किंवा कातालानमधून आला असे कोश सांगतो, आणि मूळ अर्थ मागे सरलेला, आत घेतलेला. अकादमीच्या संकेतस्थळावर जुने कोशही पानापानांच्या छायाचित्रांच्या रूपात पाहता येतात, आणि ज्याला शब्दांची आवड आहे त्याने ही सोय एकदा तरी वापरावीच. तिथे 1611 मध्ये कोशकार सेबास्तियान दे कोबारुबियास यांनी केलेली नोंद वाचता येते: ‘रेत्रेते’ म्हणजे घराच्या सर्वांत आतल्या आणि एकांतातल्या भागातली लहान खोली. त्या काळी राणी आपल्या रेत्रेतेत बसून पत्रे वाचू शकत होती. खासगी खोलीचे हे नाव पुढे सर्वांत खासगी खोलीला चिकटले, आणि एकदा चिकटल्यावर पहिल्या अर्थाने ते पुन्हा वापरणे कुणालाच शक्य राहिले नाही.

जुन्या नोंदी चाळताना असे कितीतरी शब्द हाती लागतात. ‘प्रिबादा’ म्हणजे खासगी, ‘सेक्रेता’ म्हणजे गुप्त, ‘नेसेसारिया’ म्हणजे गरजेची, ‘कोमून’ म्हणजे सामाईक. हे चारही शब्द कोशात संडास या अर्थाने नोंदलेले आहेत, पण आज ते तसे बोलले जात नाहीत. ‘लेत्रिना’ आपल्याला इंग्रजीमुळे ओळखीचा वाटतो, परंतु त्याचे लॅटिन मूळसुद्धा धुण्याच्या क्रियापदातच आहे, म्हणजे तोही एके काळी सभ्य आडपडदाच होता. या सगळ्यांत मला सर्वांत जास्त भावलेला शब्द ‘हार्दिन’ आहे. हार्दिन म्हणजे बाग, हे पहिल्या महिन्यात शिकणाऱ्यालाही ठाऊक असते. पण त्याच नोंदीत थोडे खाली गेले की ‘जहाजावरचा संडास’ असा अर्थ शांतपणे दिलेला आहे. महिनोन्‌महिने समुद्रावर काढणाऱ्या खलाशांनी त्या जागेला बाग म्हटले, आणि माझ्या आजीने फ्लॅटमधल्या त्याच जागेला परस म्हटले, यात मला फार अंतर वाटत नाही. शौचाला घरामागच्या मोकळ्या, हिरव्या जागेत जायचे ही आठवण दोन्हींकडे शब्दात राहून गेली आहे.

कॅटलॉगच्या कामात मात्र मला बागेपेक्षा भांड्याचे नाव हवे होते, आणि तिथे ‘इनोदोरो’ने मला बरेच शिकवले. शब्दाचा सरळ अर्थ ‘वास नसलेला’. कारखान्याच्या प्रत्येक कमोडच्या चित्राखाली ‘एस ट्रॅप’ किंवा ‘पी ट्रॅप’ असे लिहिलेले होते, आणि तोवर मी त्याकडे फक्त भाषांतर करण्याची एक ओळ म्हणून पाहत होते. भांड्याच्या खाली नळी एस अक्षरासारखी वळवली की वळणात थोडे पाणी कायमचे साचून राहते आणि मैलापाण्याच्या नळातला वास त्या पाण्यामुळे वर येऊ शकत नाही. लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये या वळणाचे पेटंट घेतले होते. अकादमीच्या जुन्या आवृत्त्यांत ‘इनोदोरो’ची व्याख्या नेमकी या कामावरून केलेली आढळते: घरांतल्या संडासांत आणि सार्वजनिक मुताऱ्यांत दुर्गंधी वर येऊ नये म्हणून बसवतात ते उपकरण. म्हणजे आधी ते विशेषण होते, मग वळणाच्या नळीचे नाव झाले आणि शेवटी अख्ख्या भांड्याचे. ही नोंद वाचल्यावर ‘सिफोन’ हा नळीसाठीचा शब्द कुठे वापरायचा आणि ‘इनोदोरो’ कुठे, याविषयी माझ्या मनात शंका राहिली नाही. अर्जेंटिनाच्या प्रतीत आणि स्पेनच्या प्रतीत मी भांड्यासाठी ‘इनोदोरो’च ठेवला.

‘बातेर’ हा इंग्रजी ‘वॉटर क्लोसेट’मधला पहिला शब्द. स्पॅनिशमध्ये व आणि ब यांचा उच्चार एकच असल्यामुळे स्पेनमध्ये तो ‘बातेर’ झाला, चिलीसारख्या देशांत ‘वातेर’ राहिला. घरगुती बोलण्यात तो सर्रास चालतो. याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

‘एस्कुसादो’ मेक्सिकोत ऐकू येतो आणि तो दोन प्रकारे लिहिलेला आढळतो, ‘सानितारियो’ मेक्सिकोत पाटीवर अनेकवचनात दिसतो, तर कोलंबियात खुद्द भांड्याला म्हणतात, ‘पोसेता’ व्हेनेझुएलाचा. ‘तासा’ म्हणजे कप, पण कमोडचे भांडेही ‘तासा’च, त्यामुळे कॅटलॉगमध्ये तो शब्द एकटा न सोडता कशाची तासा ते लिहावेच लागते. ‘तोकादोर’ म्हणजे केस विंचरण्याचे, नटण्याचे टेबल, आणि त्यावरून स्त्रियांसाठीच्या प्रसाधनगृहाचे सौम्य नाव; आपले ‘प्रसाधन’ याच विचारातून आलेले आहे. अशा प्रत्येक अर्थापुढे कोश देशाची संक्षिप्त खूण देतो, शब्द जुना झाला असेल तर तशी खूण देतो, बोलीतला असेल तर तीही देतो. या खुणांची यादी सुरुवातीला एकदा शांतपणे वाचून घ्यावी. बहुतेक लोक ती वाचत नाहीत आणि मग पहिला दिसलेला अर्थ उचलतात.

आता जिथे हा कोश पुरेसा पडत नाही त्याकडे येते. माझा एक विद्यार्थी बालेन्सियाला शिकायला गेला होता. तिथल्या एका खाणावळीत त्याने वेटरला अगदी शुद्ध वाक्यात विचारले की रेत्रेते कुठे आहे. वेटरने दार दाखवले, पण शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान वळवून पाहिले, आणि त्याला आपण काय चुकलो ते कळेना. चूक व्याकरणाची नव्हती. आजच्या स्पेनमध्ये ‘रेत्रेते’ म्हटले की खोली डोळ्यांसमोर येण्याऐवजी भांडे येते, आणि जेवणाच्या टेबलावरून विचारायला तो शब्द फार उघडा पडतो. तिथे ‘लोस सेर्बिसियोस’, ‘एल आसेओ’ किंवा साधे ‘एल बान्यो’ म्हणायचे असते. मराठीत एखाद्याने लग्नाच्या हॉलमध्ये यजमानांना ‘कमोड कुठे आहे?’ असे विचारावे, तसे ते झाले. कोश अर्थ देतो, उगम देतो, देश देतो, पण कोणाला, कुठे आणि कोणत्या तोंडाने विचारायचे ते या नोंदीतून कळत नाही. शब्दाकडून अर्थाकडे जाणाऱ्या कोणत्याही कोशाची ही मर्यादा आहे आणि तो दोष मी अकादमीच्या माथी मारत नाही, पण प्रवासाला निघालेल्या माणसाची वाट उलटी, म्हणजे गरजेकडून शब्दाकडे जाणारी असते, हे त्याने लक्षात ठेवावे.

‘सेर्बिसियो’चे उदाहरण घ्या. स्पेनमधल्या बारमध्ये दारावर ‘सेर्बिसियोस’ लिहिलेले असते आणि अर्थ स्पष्ट असतो. मेक्सिकोतल्या किंवा कोलंबियातल्या घरांच्या जाहिरातीत ‘क्वार्तो दे सेर्बिसियो’ असे आले तर ती घरकाम करणाऱ्या बाईंची खोली असते, आणि ‘बान्यो दे सेर्बिसियो’ म्हणजे त्यांच्यासाठीचे वेगळे बाथरूम. घरांच्याच जाहिरातीत मेक्सिकोत ‘दोस बान्योस इ मेदियो’ म्हणजे अडीच बाथरूम असे वाचायला मिळते. त्यातले अर्धे म्हणजे शॉवर नसलेले, फक्त कमोड आणि बेसिन असलेले. त्याच अर्ध्याला स्पेनमध्ये ‘आसेओ’ म्हणतात. आसेओचा मूळ अर्थ नीटनेटकेपणा. हे दोन्ही उपयोग भाषांतरकाराला रोज लागतात, आणि ते कळण्यासाठी कोशापेक्षा त्या त्या देशातल्या जाहिरातींची पाने वाचणे जास्त उपयोगी पडते.

दारावरच्या आणि नळावरच्या अक्षरांचेही असेच आहे. एच म्हणजे ‘ओम्ब्रेस’, पुरुष, आणि एम म्हणजे ‘मुहेरेस’, स्त्रिया. इंग्रजीच्या सवयीने एम पाहून पुरुष आत शिरला तर प्रसंग ओढवतो. सी म्हणजे ‘काबायेरोस’, सज्जन पुरुष, पण तेच सी नळावर असले तर ‘कालियेंते’, गरम. मी पहिल्यांदा माद्रिदला गेले तेव्हा हॉटेलात सकाळी घाईत सी लिहिलेला नळ थंड समजून पूर्ण सोडला होता, आणि तळहात दुपारपर्यंत लाल होता. थंडसाठी एफ असते, ‘फ्रिया’. आपल्याकडून जाणाऱ्या ज्येष्ठांना मी शब्दांच्या आधी ही चार अक्षरे लिहून देते.

दोन उणिवा मात्र थेट सांगायला हव्यात. या कोशात उच्चार ऐकण्याची सोय नाही. स्पॅनिश लिहिली जाते तशीच बोलली जाते हे बऱ्याच अंशी खरे असले, तरी मराठी माणसाला ‘लाबाबो’तल्या दोन निराळ्या अक्षरांचा एकच ब होतो हे कोणीतरी ऐकवावे लागते, ‘बान्यो’तला अनुनासिक आपल्याला ‘ञ’मुळे सोपा जातो ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. दुसरे म्हणजे व्याख्या फक्त स्पॅनिशमध्ये आहेत आणि चित्रे नाहीत, त्यामुळे ज्याचे शिक्षण किमान वर्ष-दीड वर्ष झालेले नाही त्याला हा कोश उपयोगी पडणार नाही. शिवाय या क्षेत्रातले बरेच शब्द एकमेकांच्या आधाराने समजावलेले आहेत, म्हणून एका नोंदीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून परत पहिलीवर येण्याची वेळ येते. नवशिक्याने चांगला द्विभाषिक कोश आधी वापरावा आणि या कोशाकडे नंतर यावे.

अमेरिका खंडातल्या शब्दांसाठी याच अकादम्यांच्या संघटनेने 2010 मध्ये काढलेला, सुमारे 70,000 नोंदींचा अमेरिकी स्पॅनिशचा स्वतंत्र कोश आहे, आणि तोही ऑनलाइन विनामूल्य आहे. माझे मत विचाराल तर बाथरूमच्या कामासाठी हे दोन कोश एकमेकांशिवाय वापरू नयेत. बेसिनला स्पेन आणि मेक्सिकोत ‘लाबाबो’, कोलंबिया आणि व्हेनेझुएलात ‘लाबामानोस’, अर्जेंटिना आणि चिलीत ‘लाबातोरियो’. नळाला स्पेनमध्ये ‘ग्रिफो’, मेक्सिकोत ‘याबे’, अर्जेंटिनात ‘कानिया’, पेरूत ‘कान्यो’. टबला स्पेनमध्ये ‘बान्येरा’, मेक्सिकोत ‘तिना’, अर्जेंटिनात ‘बान्यादेरा’. फ्लशच्या टाकीला स्पेनमध्ये ‘सिस्तेर्ना’, मेक्सिकोत ‘तांके’, आणि अर्जेंटिनात भांड्याच्या पाठीवर बसणाऱ्या टाकीला ‘मोचिला’, म्हणजे मुले शाळेत नेतात ती पाठीवरची सॅक. फ्लश करण्याला मात्र स्पेनमध्ये आजही ‘तिरार दे ला कादेना’, साखळी ओढणे, असे म्हणतात. बटण आले, टाकी खाली आली, साखळी गेली, क्रियापद राहिले. मुंबईच्या जुन्या इमारतींत वाढलेल्या माझ्या मामांच्या तोंडून ‘साखळी ओढलीस का रे?’ हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकले आहे.

काही गोष्टी मात्र माणसांकडूनच कळतात. स्पेनमध्ये ‘सेन्योर रोकांना भेटून येतो’ असे कोणी म्हणाले तर तो संडासाला निघालेला असतो. रोका ही सॅनिटरीवेअरची कंपनी 1917 मध्ये बार्सेलोनाजवळच्या गाबा गावात सुरू झाली आणि तिचे नाव इतक्या भांड्यांवर छापले गेले की बसणाऱ्याला ते रोजच्या ओळखीचे झाले. आपल्याकडे घराघरांत दिसणारी पॅरीवेअरही आता याच समूहाची आहे. कॅटलॉगमध्ये असा वाक्प्रचार वापरता येत नाही, पण ग्राहकाशी फोनवर बोलताना तो ओळखता आला की समोरच्याच्या आवाजात लगेच फरक पडतो.

फिलिपिन्सविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्पेनची सत्ता तिथून 1898 मध्ये गेली, पण फिलिपिनो भाषेत संडासासाठी ‘बान्यो’ आहे, ‘कासिल्यास’ आहे आणि ‘कुबेता’ही आहे. कासिल्यास म्हणजे मुळात छोटी घरे, आणि कुबेता म्हणजे बादली. घराबाहेरची एक छपरी आणि तिच्यात ठेवलेली बादली, असे दृश्य त्या दोन शब्दांतून उभे राहते. मनिलाच्या एका ग्राहकाने पत्रात ‘कुबेता’ लिहिले होते तेव्हा मी आधी बादल्यांची मागणी आहे असे समजले होते. अकादमीच्या कोशातला बादली हा अर्थ आणि पुढे दिलेली मापे जुळेनात, तेव्हा चौकशी करून खात्री केली.

कॅटलॉग शेवटी चार प्रतींत छापला. स्पेन आणि अर्जेंटिनाच्या प्रतीत ‘इनोदोरो’, मेक्सिकोच्या प्रतीत ‘एस्कुसादो’, व्हेनेझुएलाच्या प्रतीत ‘पोसेता’; बेसिन, टाकी, टब आणि नळ यांची नावे प्रत्येक प्रतीत त्या त्या देशाची. मुद्रित प्रत छापखान्यात जाण्याआधी प्रत्येक देशातल्या वितरकाला वाचायला पाठवली होती. व्हेनेझुएलाची प्रत एकाही दुरुस्तीशिवाय परत आली. मेक्सिकोच्या प्रतीत मात्र सव्विसाव्या पानावर शॉवरच्या सहा चित्रांखालचा ‘दुचा’ सहाही ठिकाणी लाल शाईने खोडून ‘रेगादेरा’ लिहिलेले होते. रेगादेरा म्हणजे स्पेनमध्ये झाडांना पाणी घालण्याची झारी, आणि मेक्सिकोत शॉवर. हा अर्थ अकादमीच्या कोशात मेक्सिकोच्या खुणेसह आहे, अमेरिकी कोशातही आहे. मी तो पाहिला नव्हता, कारण शॉवरला काय म्हणतात हे मला पहिल्या वर्षापासून पाठ होते आणि पाठ असलेला शब्द शोधावा असे मनात आले नाही. आता असे काम आले की कॅटलॉगमधला प्रत्येक शब्द, ‘पाणी’ आणि ‘दार’ धरून, मी दोन्ही कोशांत टाकून पाहते. त्याला दिवसाला साधारण दोन तास जास्त लागतात, आणि ते मी पैशांच्या अंदाजपत्रकात वेगळे लिहिते.